आजीच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि महाविद्यालय वगळून)

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील एका खेड्यातून बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. ती रोज एसटीने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाते. घरी आईवडील, आठवीतला भाऊ आणि आजी आहेत. तीन एकर कोरडवाहू शेती आहे. १९९३ च्या भूकंपानंतर हे कुटुंब जुन्या गावातून नव्या गावठाणात आले. निकालानंतर तिने पुण्याला मामाकडे राहून शिकावे, असे घरात जवळजवळ ठरले आहे. मैत्रिणी ‘कधी एकदा इथून सुटतो’ असे म्हणतात, तिला मात्र प्रत्येक गोष्ट शेवटची वाटू लागली आहे: शेवटची नागपंचमी, शेवटचा पोळा, शेवटची वेळ अमावस्या (मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरा होणारा इकडचा सण). जूनपासून ती रात्री जागून या गोष्टी वहीत टिपते. दोन वह्या भरल्या आहेत आणि अभ्यास मागे पडला आहे. आजीला काचबिंदू आहे आणि रोज रात्री तिच्या डोळ्यांत थेंब घालण्याचे काम हीच मुलगी करते. ‘तू गेल्यावर माझ्याकडं कोण बघल गं?’ असे आजी एकदा म्हणाली, तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. तालुक्यालाच बी.एस्सी. करावे असे तिच्या मनात येते, परंतु राहिले तर आईवडिलांच्या कष्टांचे चीज होणार नाही आणि गेले तर आजीला टाकून गेल्यासारखे होईल, या पेचात ती आहे. ती विचारते, ‘मी भित्री आहे का? मी काय करू?’

उत्तर

बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबत पाठवलेले वहीतले पान तर अनेकदा वाचले. वेळ अमावस्येच्या दिवशी शेतात तीन दगडांच्या चुलीवर भज्जीचे, म्हणजे मिश्र भाजीचे, पातेले चढले, ओल्या फाट्यामुळे धूर झाला, भाऊ आंबिलाचे गाडगे सांभाळत बांधावरून आला, आणि कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहिल्यावर आजीने पुढे होऊन कडबा नीट बांधला आहे की नाही हे हातांनी चाचपून पाहिले, कारण डोळ्यांना ते आता दिसत नाही. हे तू ज्या बारकाईने लिहिले आहेस ते वाचताना मला तुमच्या शेतात उभे असल्यासारखे वाटले. पानाच्या तळाशी तू ‘शेवटची’ असा एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्या पानावर तू पाहिलेले सगळे आहे, आणि हा एकच शब्द तू पाहिलेला नाहीस. माझे बरेचसे उत्तर त्या एका शब्दाविषयी आहे.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. तू भित्री नाहीस. घर सुटणार म्हणून जीव कासावीस होणे आणि घर सोडण्याची तयारी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकच मानल्या आहेस. मी तीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलामुलींना शिकवले. ‘सुटलो एकदाचे’ म्हणत गेलेल्या कित्येक मुली पहिल्याच महिन्यात वसतिगृहातून रडत फोन करायच्या, आणि जाताना घराच्या उंबऱ्यावर पाय अडखळलेल्या मुली तिकडे स्थिर झालेल्या मी पाहिल्या आहेत. याचा नियम मी मांडणार नाही, कारण उलटही घडते. एवढेच सांगते की जानेवारीतल्या रडण्यावरून जुलैतल्या वागण्याचा अंदाज बांधू नकोस. तुझ्या मैत्रिणीही कदाचित तुझ्याइतक्याच हललेल्या असतील आणि त्यांनी ते सांगण्यासाठी दुसरा शब्द निवडला असेल.

आता ‘शेवटचे’ या शब्दाकडे येऊ. काही गोष्टी या वर्षी खरोखरच संपणार आहेत आणि त्यांबद्दल तुला वाईट वाटणे अगदी रास्त आहे. सकाळच्या एसटीत ठरलेल्या जागा धरून बसण्याचा तुमचा परिपाठ संपेल. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, त्यामुळे पाचवीपासून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असलेला तो पासही संपेल. हजेरीपटावर तुझ्या नावाच्या मागेपुढे जी नावे इतकी वर्षे आली, ती पुन्हा त्या क्रमाने येणार नाहीत. या गोष्टींची तू वहीत नोंद केलीस तर ती योग्यच आहे. वेळ अमावस्या मात्र त्या यादीत बसत नाही. लातूर-धाराशिवकडे या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. पुण्या-मुंबईला असलेली माणसेसुद्धा आदल्या रात्रीच्या गाड्यांना लोंबकळत गावी येतात हे तू स्वतः पाहिले आहेस. मग तुझ्या एकटीसाठी ती शेवटची का व्हावी?

मला वाटते याचे कारण तुझ्या मनात आहे, परंतु ते तू तयार केलेले नाही. आपल्याकडे मुलीने घर सोडण्याची एकच रीत गावाला पाठ आहे, ती म्हणजे सासरी जाणे. त्या जाण्यानंतर मुलगी माहेरी येते ती पाहुणी म्हणून, हे आपण लहानपणापासून ओव्यांतून, लग्नांतून आणि थोरल्या बहिणींच्या डोळ्यांतून शिकत आलेलो असतो. त्यामुळे शिकायला निघालेल्या मुलीभोवतीही नकळत तोच सूर लागतो. १९७९ साली मी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून शिकण्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघाले तेव्हा आईने माझी ओटी भरली, शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून दारात उभ्या राहिल्या आणि कोणीतरी ‘लेक चालली’ असे म्हणताच सगळ्या बायका रडू लागल्या. त्याच्या दोन वर्षे आधी माझा थोरला भाऊ त्याच एसटीने त्याच शहरात शिकायला गेला होता. त्याच्या हातात धपाट्यांचा डबा देऊन सगळे आपापल्या कामाला लागले होते, कारण तो दिवाळीला येणार हे सर्वांनी गृहीतच धरले होते. मीही दिवाळीला येणारच होते. पण ते माझ्याबाबत कोणी धरले नव्हते आणि मी स्वतःही धरले नव्हते. तू शिकायला निघाली आहेस, नांदायला नव्हे. तुझे घर तुझेच राहणार आहे, आणि तुझ्या दुःखातला मोठा भाग एका अशा पाठवणीचा आहे जी अजून ठरलेलीही नाही.

घर मात्र जसेच्या तसे राहणार नाही, हेही सांगायला हवे. त्या दिवाळीला मी परत आले तेव्हा ढेलजेत ज्या कोपऱ्यात मी अभ्यास करायची आणि झोपायची, तिथे हायब्रीडची पोती रचलेली होती. मी कोणाशी न बोलता स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिले. माझी जागा चार महिन्यांत पुसली गेली असे मला वाटले आणि त्याचा राग आला. आईने काही विचारले नाही. जेवणे झाल्यावर तिने भावाला हाक मारली, दोघांनी मिळून तीन पोती उचलून ओसरीत नेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिने माझी वाकळ अंथरली. सुट्टी संपल्यावर पोती पुन्हा तिथेच आली असणार, आणि ते बरोबरच होते, कारण पावसाळ्यात आमचे माळवद गळायचे आणि धान्याला कोरडी जागा तेवढीच होती. तुझ्याही घरी असेच होईल. तुझ्या टेबलावर भावाची वह्या-पुस्तके येतील, आई तुझ्याशिवाय भज्जी करायला शिकेल, आणि पहिल्यांदा ते पाहून तुला लागेल. ते आधीच माहीत असलेले बरे.

आता आजीविषयी. तुझ्या पत्रात आजी सगळ्यांत हळवी आणि बदल न पेलणारी अशी दिसते. पण तूच एका ओळीत लिहिले आहेस की आजी अजूनही जुन्या गावातल्या आडाची आणि बाभळीची गोष्ट सांगते. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली, तेव्हा तुझी आजी तिथे होती. भिंती मातीत गेल्या, पुढे गाव दुसरीकडे उभे राहिले, आणि शेते मात्र जुन्या जागीच राहिल्यामुळे लोक नव्या घरांतून जुन्या शिवारात जात राहिले. त्याआधी एकदा लग्न होऊन परक्या गावी येणे तिने पचवले होतेच. आयुष्यात दोनदा सगळे मुळासकट बदललेली ही बाई, नातीच्या शिकायला जाण्याने मोडून पडेल असे तू धरून चालली आहेस. तसे होणारच नाही असे मी म्हणत नाही. पण हे तू तिला एकदाही विचारलेले नाहीस.

तिचे ते वाक्यही पुन्हा ऐक. ‘माझ्याकडं कोण बघल?’ हे तू ‘जाऊ नकोस’ असे ऐकलेस. तो आर्जव असू शकतो, थोडी माया आणि थोडे भय असू शकते. पण तो एक साधा, व्यवहाराचा प्रश्नही आहे. डोळ्यांचे औषध वेळेवर घालावे लागते, तिला स्वतःला बाटली नीट धरता येत नाही, मग उद्यापासून कोण? अशा प्रश्नाला अश्रू हे उत्तर होत नाही, त्याची व्यवस्था लावावी लागते. शिवाय काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागतात आणि मनाने बंद केले तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणून ही व्यवस्था तुझ्या जाण्याच्या दिवशी नव्हे, आत्ताच लागायला हवी.

इथे मला पत्रातली एक गोष्ट खटकली आणि ती मी स्पष्ट सांगते. तुझ्या चार पानी पत्रात तुझा भाऊ फक्त दोनदा येतो, एकदा आंबिलाचे गाडगे घेऊन आणि एकदा ‘आठवीत आहे’ एवढ्यापुरता. आजीचे औषध, आई सावडीला (कामाच्या बदल्यात काम म्हणून दुसऱ्याच्या शेतात) गेली की संध्याकाळचा स्वयंपाक, पाणी भरणे, या सगळ्यांत तुझे नाव आहे आणि त्याचे कुठेच नाही. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दोन थेंब घालू शकत नाही काय? कोणी त्याला नको म्हटले असेल असे मला वाटत नाही. कोणाच्या मनातच आले नसेल. तू जाण्याने घरात जी पोकळी पडेल अशी तुला धास्ती आहे, तिचा बराचसा भाग कामाच्या वाटणीचा आहे. ती वाटणी या दोन महिन्यांत तू बदलू शकतेस, आणि त्यामुळे तुला अभ्यासाला वेळही मिळेल.

पुढचा मुद्दा निवडीचा. तू माझ्यासमोर दोनच वाटा ठेवल्या आहेस: तालुक्याचे महाविद्यालय किंवा पुणे. तालुका आणि पुणे यांच्या मधे अख्खा मराठवाडा आहे, आणि तो तुमच्या घरातल्या चर्चेत आलेलाच दिसत नाही. निजामी राजवटीत इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, १९७२ मध्ये परभणीचे कृषी विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. घरापासून काही तासांवर, शनिवारी निघून रविवारी परत जाता येईल अशा अंतरावर शिकण्याची सोय आपल्याच भागात असावी म्हणून अनेकांनी आयुष्य घातले. तुझ्यासारख्या मुलीसाठीच ती सोय आहे. पुणे वाईट नाही. पण ‘पुण्याला शिकते’ असे सांगता यावे एवढ्यासाठी पुणे नको.

त्याहूनही मोठी गोष्ट अशी की चार पानांत ‘काय शिकायचे’ हा विषयच जवळजवळ नाही. कुठे राहायचे यावर तू इतका विचार केलास आणि काय शिकायचे यावर अर्धी ओळ लिहिलीस, तीही वेगळ्याच संदर्भात. तू म्हणतेस की सोयाबीनचे रोप उपटून नेऊन त्याच्या मुळांवरच्या गाठी तू प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास आणि बाई निघून गेल्या तरी तू तिथेच बसून राहिलीस. बाळ, त्या अर्ध्या ओळीकडे नीट बघ. ज्या पिकावर तुमचे घर चालते त्याच्या मुळांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात हे पाहून ज्या मुलीला घरी जायचे भान राहिले नाही, तिने कृषी पदवीचा, सूक्ष्मजीवशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा विचार का करू नये? कृषी पदवी चार वर्षांची असते आणि तिच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परभणीच्या विद्यापीठाचे लातूरलाही कृषी महाविद्यालय आहे. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरून घेतले जातात आणि निकालाची वाट पाहत बसले तर संधी हुकते, म्हणून सीईटी कक्षाच्या अधिकृत संकेतस्थळावरची मुदत याच आठवड्यात पाहून घे. आधी विषय ठरव, मग त्या विषयाची चांगली महाविद्यालये शोध, आणि गाव कोणते ते त्यानंतर आपोआप पुढे येईल.

तालुक्याला राहण्याचा पर्यायही मी खोडून काढत नाही. तिथल्या महाविद्यालयात तुझ्या विषयाची प्रयोगशाळा खरोखर चालते का, अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत का, तास होतात का, हे शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थिनींना प्रत्यक्ष भेटून विचार. उत्तरे चांगली आली आणि तुला तो विषय आवडत असेल, तर घरी राहून शिकण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र एक सावधगिरी बाळग. घरी राहणाऱ्या मुलीला ‘आहेसच ना घरी’ असे म्हणत सगळे गृहीत धरतात, आणि तीन वर्षांत पदवीपेक्षा चूलच जास्त होते, हे मी माझ्या डोळ्यांनी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. राहायचे ठरवलेस तर अभ्यासाचे तास आधी घरात बोलून ठरवून घे. मामाकडे राहण्याविषयीही एक शब्द: हे निमंत्रण मामांनी दिले आहे की मामींनी, ते बघ. दुसऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात चार वर्षे काढणे हे राहणाऱ्यालाही जड जाते आणि ठेवून घेणाऱ्यालाही. मामींशी तू स्वतः बोल. मला विचारशील तर मुलींचे चांगले वसतिगृह मिळत असेल तर ते नातेवाइकांच्या घरापेक्षा केव्हाही बरे.

आईवडिलांच्या कष्टांचे ओझे तू पत्रात तीनदा लिहिले आहेस. ते कष्ट खरे आहेत आणि त्यांची जाणीव असणे हा तुझा चांगला गुण आहे. पण ‘कष्टांचे चीज’ म्हणजे नेमके काय हे तू त्यांना विचारले आहेस का, की तूच ठरवले आहेस? वडिलांना कदाचित पुणेच हवे असे नसेल. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहावी एवढेच हवे असेल आणि पुणे हे मामांनी सुचवले म्हणून आले असेल. एका संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याशेजारी बस आणि प्रत्येक पर्यायाचा वर्षाचा खर्च दोघांनी मिळून मांडा. शुल्क वेगळे, राहणे वेगळे, मेस वेगळी, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. मनातले धूसर ओझे आकड्यांत आले की बरेच हलके होते, आणि कधी जड झाले तरी ते निदान खरे असते.

त्या हिशोबात पुढील गोष्टी धर. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. त्यासाठी समाजकल्याण विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची स्वाधार योजना, इतर मागास वर्ग व भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, तसेच पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तुझा प्रवर्ग पत्रात नाही आणि त्याची गरजही नव्हती. यांपैकी तुला काय लागू पडते ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचार. विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजनाही असते.

आणि कागदपत्रे. मी हे जरा कळकळीने लिहिते, कारण गुण असूनही दाखल्यावाचून प्रवेश हुकलेली मुले मी पाहिली आहेत. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, या सगळ्यांची सुरुवात आत्ता कर. वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो आणि त्याचा प्रस्ताव बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पाठवता येतो. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर जी रांग लागते तिच्यात उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नकोस. या धावपळीसाठी वडिलांचे दोन दिवस मोडतील, ते परवडतील.

‘हे वर्ष आयुष्य ठरवते’ असे तुला सगळे सांगतात आणि तू ते जसेच्या तसे मानले आहेस. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. हे वर्ष महत्त्वाचे आहे, आणि ज्या घरात मुलीला दुसरी संधी सहज मिळत नाही तिथे ते अधिकच महत्त्वाचे असते. पण हे वर्ष पुढचा प्रवेश ठरवते. पुरवणी परीक्षा असते, गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसता येते, सीईटी दर वर्षी होते. जे विद्यार्थी दहावीनंतरच घर सोडून लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत खोली घेऊन राहतात, त्यांचीही पत्रे मला येतात, आणि त्यांतही हेच वाक्य असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर हे वाक्य रोज ठेवणाऱ्या मोठ्या माणसांनी त्याचा पुनर्विचार करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

वही बंद करू नकोस. तुझ्या लेखनात डोळा आहे आणि तो जपण्यासारखा आहे. फक्त परीक्षा संपेपर्यंत रात्री जागून न लिहिता संध्याकाळी दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटे लिही, आणि त्या दिवशी जे प्रत्यक्ष पाहिलेस तेवढेच लिही. ‘शेवटचे’ हा शब्द मे महिन्यापर्यंत बाजूला ठेव. मे महिन्यात पाने उलटून बघ आणि जिथे तो शब्द खरोखर लागू पडतो तिथे खुशाल लिही. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आहेत, तेव्हा राहिलेल्या अभ्यासाचे पूर्ण वेळापत्रक करण्यात दिवस घालवू नकोस. प्रत्येक विषयातली जी दोन-तीन प्रकरणे सर्वांत कच्ची आहेत तेवढी कागदावर लिहून आजच त्यांतल्या एकाला हात घाल. आणि झोप. आणखी दोन आठवडे अशीच झोप लागली नाही, जेवण तुटले, सारखे रडू येऊ लागले किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले, तर ते मनात ठेवू नकोस. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी मोफत लागतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हे मी तुझ्याइतकेच हे सदर वाचणाऱ्या इतर मुलांसाठीही लिहिते आहे.

आज रात्री थेंबांची वेळ झाली की भावाला हाक मार. आधी त्याला हात साबणाने धुवायला सांग. आजीला मान मागे टेकवून बसव, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढायला लाव, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता एक थेंब आत पडू दे. मग आजीने डोळा मिटून घ्यावा आणि त्याने नाकाजवळचा कोपरा मिनिटभर अलगद दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. औषधाच्या दोन बाटल्या असतील तर मधे पाच मिनिटे जाऊ द्यावीत. पहिल्या दिवशी थेंब गालावर ओघळेल आणि आजी म्हणेल की हिचाच हात बरा होता. तू उठू नकोस. त्या पाच मिनिटांत आजीला विचार की नव्या गावठाणातल्या घरात पहिल्या रात्री तिला झोप कशी लागली होती, आणि ती जे सांगेल ते उद्या संध्याकाळी वहीत लिही. आठ दिवस शेजारी बसून बघ, नवव्या दिवशी त्याला एकट्याने घालू दे आणि तू आतल्या खोलीत अभ्यासाला बस.